कॅटरपिलरचा हायवे ट्रक पाच वर्षांत का बसला?

खडीमशीन

बांधकामाची यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलरने (कॅट) मार्च २०११ मध्ये लास व्हेगासच्या कॉनएक्स्पो प्रदर्शनात सीटी६६० हा रस्त्यावर चालणारा, बांधकामाच्या कामाचा ट्रक मांडला. पुढे सीटी६८१ आणि सीटी६८० ही भावंडं आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मला न उलगडणारी गोष्ट अशी. जो कंत्राटदार यांचा एक्सकेव्हेटर घेतो, तोच डंपर आणि काँक्रीट मिक्सरही घेतो. म्हणजे गिऱ्हाईक ओळखीचं. डीलरचं जाळं तयार, कर्ज द्यायला स्वतःची वित्त कंपनी, आणि ३४०६ई, सी१५ या इंजिनांमुळे ट्रकवाल्यांत नावही होतं. मग अडलं कुठे? "कॅटचं नाव चिकटवलेला नॅविस्टारचा इंटरनॅशनल ट्रक होता" हे उत्तर सगळीकडे मिळतं, पण ते मला अपुरं वाटतं. दुसऱ्याकडून बनवून घेतलेला माल स्वतःच्या नावावर उत्तम खपवणाऱ्या कंपन्या थोड्या नाहीत.

आणि व्होल्व्होला ट्रक आणि बांधकामाची यंत्रं दोन्ही जमतात, ते कसं?

---

तेलपाणी

२०११ पासून सुरुवात केलीत तर उत्तर सापडणार नाही. जून २००८ पासून बघा. कॅटने तेव्हा दोन गोष्टी एकत्रच सांगितल्या: २०१० च्या प्रदूषण नियमांत बसणारं रस्त्यावरच्या ट्रकचं इंजिन आम्ही बनवणार नाही, आणि इंटरनॅशनल ट्रक बनवणाऱ्या नॅविस्टारबरोबर मिळून बांधकामाच्या कामाचा ट्रक काढू.

पहिला निर्णय हिशेबाने बरोबर होता. ट्रकच्या धंद्यात कॅट हा बाहेरचा इंजिन पुरवठादार. पीटरबिल्ट, केनवर्थ, फ्रेटलायनर, स्टर्लिंग, वेस्टर्न स्टार ही त्याची गिऱ्हाईकं. पण हेच ट्रकवाले आता स्वतःचं इंजिन बसवायला निघाले होते. फ्रेटलायनर, स्टर्लिंग, वेस्टर्न स्टारची मालक डाइमलर, तिचं डीडी१५ २००७ मध्ये आलं, पीटरबिल्ट-केनवर्थची मालक पॅकार आपलं एमएक्स अमेरिकेत आणत होती, व्होल्व्हो आणि मॅकचं तर घरचंच होतं. डाइमलरने स्टर्लिंग हा ब्रँडच २००९ मध्ये बंद केला. बाजार असा आकसत असताना २०१० ची मर्यादा होती ०.२० ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड प्रति हॉर्सपॉवर-तास. शिवाय रस्त्याबाहेरच्या यंत्रांना टियर ४ चे नियम लागू होत होते, त्यांच्या मोठ्या इंजिनांना २०११ मध्ये अंतरिम आणि २०१४ मध्ये अंतिम टप्पा. तिथे लहान-मोठी मिळून कितीतरी इंजिनं नव्याने मांडायची होती. पैसा आणि इंजिनियर तिकडे वळवणं साहजिक होतं.

पण त्यात ट्रकवाल्यांतलं नाव आधीच खराब झालं होतं. २००७ नंतरच्या सी१३ आणि सी१५ मध्ये पार्टिक्युलेट फिल्टरमधली काजळी जाळायला एक्झॉस्टच्या वाटेत वेगळा बर्नर दिला होता. त्यात डिझेल फवारायचं नोझल, हवेची नळी आणि ठिणगी पाडायला स्पार्क प्लग. नोझल काजळीने बुजलं किंवा प्लग चालला नाही की बर्नर पेटत नाही, रिजनरेशन (म्हणजे ही काजळी जाळणं) अर्धवट राहतं, इंजिन ताकद कमी करतं आणि ट्रक टो करून न्यावा लागतो. त्यावरचा सामूहिक दावा पुढे २०१६ मध्ये ६ कोटी डॉलरवर मिटला. ३४०६ई ची पुण्याई २०११ पर्यंत तशीच शिल्लक होती असं समजणं म्हणूनच चुकीचं आहे.

त्यावर दुसरा निर्णय. सीटी११ आणि सीटी१३ म्हणजे नॅविस्टारची मॅक्सफोर्स ११ आणि १३, मूळ आराखडा जर्मनीच्या मॅन कंपनीचा, १०.५ आणि १२.४ लिटर. फक्त सीटी१५ चा ब्लॉक कॅटच्या सी१५ वरून घेतलेला, आणि नॅविस्टारने २०१२ मध्ये मॅक्सफोर्स १५ चाच नाद सोडला. ज्या एका भागासाठी लोक कॅटला चार पैसे जास्त मोजत, नेमका तोच परका. चौकट इंटरनॅशनल पेस्टारच्या घराण्यातली, बांधणी आधी नॅविस्टारच्या टेक्ससमधल्या गारलंड कारखान्यात, तो २०१३ मध्ये बंद झाल्यावर मेक्सिकोतल्या एस्कोबेदोमध्ये.

एक गोष्ट मात्र अस्सल होती: सीएक्स३१ गिअरबॉक्स. टॉर्क कन्व्हर्टर, प्लॅनेटरी गिअर, सहा स्पीड. चिखलात भरलेला डंपर जागेवरून हलवायला यापेक्षा बरं काही नाही. माझ्या मते त्या ट्रकमधलं खरं कॅट तेवढंच.

व्होल्व्होचं उत्तर थोडक्यात: त्यांच्याकडे ट्रक आधी, यंत्रं नंतर. इंजिनांचा मोठा आकडा ट्रकमधून येतो आणि ११ व १३ लिटरचं तेच घराणं आर्टिक्युलेटेड (मधून वळणाऱ्या) डंपरमध्ये जातं, त्यामुळे विकासाचा खर्च मोठ्या संख्येवर वाटला जातो. कॅटने ती साखळी २००८ मध्ये स्वतःच तोडली होती.

---

काजळी_आणि_राख

वरच्याशी सहमत. पण मॅक्सफोर्समध्ये नेमकं काय बिघडत होतं ते सांगायला हवं, नाहीतर "इंजिन वाईट होतं" एवढंच लक्षात राहतं. मूळ मॅनचं इंजिन वाईट नव्हतं. त्याच्यावर लादलेलं काम वाईट होतं.

नायट्रोजन ऑक्साइड कमी करायच्या वाटा दोन. एक म्हणजे एससीआर: इंजिनात ज्वलन चांगलं कडक होऊ द्या, जो ऑक्साइड तयार होईल तो एक्झॉस्टमध्ये ३२.५ टक्के युरियाचं द्रावण फवारून उत्प्रेरकावर मोडा. दुसरी वाट ईजीआरची: जळून गेलेला वायू थंड करून परत सिलिंडरमध्ये घाला, म्हणजे ज्वलनाचं कमाल तापमान घटतं आणि ऑक्साइड मुळातच कमी बनतो. बाकी सगळे एससीआरकडे गेले. नॅविस्टारने "युरियाची टाकी नको" हाच विक्रीचा मुद्दा केला आणि फक्त ईजीआरवर भिस्त ठेवली.

त्याची किंमत अशी पडते:

ऑक्साइड जितका दाबाल तितकी काजळी वाढते. काजळी वाढली की फिल्टर लवकर भरतो आणि रिजनरेशन वारंवार होतं. दिवसभर थांबत-चालत, पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेर काढणाऱ्या जोडावर) ड्रम फिरवत उभा राहणाऱ्या मिक्सरमध्ये एक्झॉस्ट पुरेसा तापतच नाही, म्हणजे रिजनरेशन पूर्ण होत नाही. हायवेवर सलग धावणाऱ्या ट्रकला हे निभावतं. कॅटने नेमका बांधकामाचा ट्रक निवडला होता.

जास्त वायू परत घालायचा तर ताजी हवाही जास्त दाबाने कोंबावी लागते. म्हणून दोन टप्प्यांचे टर्बो, दोन टप्प्यांमध्ये हवा थंड करणारा कूलर, ईजीआरला एक उच्च तापमानाचा आणि एक कमी तापमानाचा कूलर. ही सगळी उष्णता अखेर कूलंटमध्येच जाते. रेडिएटर मोठा, पंखा जास्त वेळ चालू, होज आणि जोड जास्त, गळतीच्या जागा जास्त.

आणि सगळ्यांत नाजूक जागा ईजीआर कूलरची. एका बाजूला शेकडो अंशांचा वायू, दुसऱ्या बाजूला कूलंट, इंजिन तापतं-निवतं तसे पत्रे ताणले जातात आणि जोडाला बारीक चीर जाते. सुरुवातीला कूलंट थोडं थोडं कमी होतं, खाली थेंब दिसत नाही, कारण ते वायूबरोबर सिलिंडरमध्ये आणि फिल्टरमध्ये जात असतं. फिल्टर ओला झाला की काजळी थापून बसते. जास्त कूलंट आत गेलं तर सिलिंडर पाण्याने अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे एका कूलरची दुरुस्ती वेळेत झाली नाही तर अख्खं इंजिन जातं.

एवढं करून नियमात बसलंच नाही ते. ०.२० ऐवजी ०.५० ग्रॅमला इंजिन प्रमाणित करून, आधी साठवलेल्या उत्सर्जन क्रेडिटांवर वेळ मारून नेली. क्रेडिट संपत आली तेव्हा पर्यावरण संस्था ईपीएने जानेवारी २०१२ मध्ये दर इंजिनामागे १,९१९ डॉलरपर्यंत दंड भरून विकायची मुभा दिली. स्पर्धक कोर्टात गेले आणि जूनमध्ये कोर्टाने ती मुभा रद्द केली. जुलैमध्ये नॅविस्टारने एससीआर स्वीकारलं, ऑगस्टमध्ये प्रमुख डॅन उस्टियन गेले. त्या आर्थिक वर्षाचा तोटा सुमारे ३ अब्ज डॉलर. ईजीआरवाल्या मॅक्सफोर्सवरचा सामूहिक दावा २०१९ मध्ये १३.५ कोटी डॉलरवर मिटला.

कॅटच्या शोरूममध्ये सीटी६६० उभा राहिला तो बरोबर याच काळात.

---

अ‍ॅक्सलगणित

सगळं खापर इंजिनावर फुटतंय. इंजिन उत्तम असतं तरी पहिली दोन वर्षं हा ट्रक अनेक मिक्सरवाल्यांच्या कामाचा नव्हता, कारण पुढचा अ‍ॅक्सल चुकीच्या जागी होता.

अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर वजनाचं एक सूत्र लागू आहे, ब्रिज फॉर्म्युला:

वजन (पौंड) = ५०० × [ ल × न ÷ (न − १) + १२ × न + ३६ ]

ल म्हणजे पहिल्या ते शेवटच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर फुटांत, न म्हणजे अ‍ॅक्सल किती. शिवाय एका अ‍ॅक्सलवर २०,००० आणि टँडेमवर (एकामागे एक जोडलेल्या दोन अ‍ॅक्सलवर) ३४,००० पौंडांची कमाल मर्यादा. तीन अ‍ॅक्सलचा ट्रक घ्या. अंतर १८ फूट असेल तर ४९,५०० पौंड चालतात, २० फूट असेल तर ५१,०००. दोन फुटांनी १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो वाढले. काँक्रीट घनमीटरला साधारण २,४०० किलो धरा, तर दर फेरीला पाव घनमीटरहून थोडं जास्तच. ट्रक जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं, दर फेरीला.

सीटी६६० चा पुढचा अ‍ॅक्सल मागे सरकवलेला होता. त्यात वळायला जागा कमी लागते आणि चालकाला धक्के कमी बसतात, पण त्याच लांबीत ब्रिजचं अंतर घटतं. अ‍ॅक्सल पुढे असलेला सीटी६८१ यायला २०१३ उजाडलं. त्याच वर्षी केनवर्थने टी८८० आणि पीटरबिल्टने ५६७ दाखवला, मॅकचा ग्रॅनाइट तर आधीपासून ठाण मांडून होता. अ‍ॅक्सलची दुरुस्ती झाली तोवर समोरच्यांनी अख्खा ट्रक नवा केला.

दुसरी गोष्ट बॉडी बांधणाऱ्यांची. बांधकामाचा ट्रक म्हणजे अर्धाच माल, उरलेला अर्धा बॉडीवाला घालतो. त्याला केबिनच्या मागे चौकटीची पट्टी मोकळी हवी असते. फिल्टरचा डबा, डिझेल टाकी, हवेच्या टाक्या कुठे आहेत त्यावर खाली-वर होणारा जादा (पुशर) अ‍ॅक्सल बसेल का, काँक्रीट पंपाच्या आउटरिगरला (आधाराच्या पायांना) जागा राहील का हे ठरतं. मिक्सरला हायड्रॉलिक पंप इंजिनाच्या पुढून फिरवायचा की मागून, हाही तिथलाच प्रश्न. बॉडीवाल्याकडे ग्रॅनाइटचे किंवा केनवर्थ टी८०० चे नकाशे, ब्रॅकेट, वायरिंगचे जोड वर्षानुवर्षं तयार असतात. नव्या ट्रकसाठी तो ते पुन्हा बनवतो, पण संख्या दिसली तरच. नाहीतर जादा दर सांगतो किंवा तारीख पुढे ढकलतो, आणि शोरूममधल्या माणसाला आपली विक्री कुठे अडली हे कळतसुद्धा नाही.

---

खडीमशीन

ब्रिज फॉर्म्युल्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण मग असं विचारतो: २०१३ नंतर अ‍ॅक्सलही पुढे आला आणि एससीआरही आलं. दोन्ही दुखणी गेली म्हणायची. तरी २०१६ मध्ये गाशा का गुंडाळला?

---

सुटेभाग

कारण तेव्हा तिसरं दुखणं उघडं पडलं, धंद्याचं.

यंत्राचा डीलर आणि ट्रकचा डीलर ही दोन वेगळी कामं आहेत. एक्सकेव्हेटर बंद पडला तर मेकॅनिक गाडी घेऊन साइटवर जातो, यंत्र तिथेच उघडतो, तोवर डीलर भाड्याने दुसरं देतो. ट्रक बंद पडतो रस्त्यावर, कुठेही, आणि मालकाला तो उद्या सकाळच्या फेरीला हवा असतो. त्यासाठी रात्रपाळी, ट्रक आत ओढून नेता येईल असे दुरुस्तीचे लांब बे, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, एअर ड्रायर यांचे भाग शेल्फवर. इंजिनाचं काम कॅटच्या अनेक डीलरांना ठाऊक होतं, पूर्वी ट्रक इंजिनंच दुरुस्त करत होते. केबिनच्या दाराचं कुलूप आणि एबीएसचा सेन्सर हे नवीन होतं, आणि त्यातले बरेच भाग नॅविस्टारच्या साखळीतून यायचे. स्वतःच्या गोदामातून झटपट भाग देणं ही ज्या कंपनीची ख्याती, तिच्या हातात इथे ती दोरीच नव्हती. शिवाय त्याच गावात इंटरनॅशनलचा डीलर जवळजवळ तोच ट्रक विकायला बसलेला.

किमतीचंही तसंच. ट्रक हप्त्यावर किंवा लीजवर जातो, आणि हप्ता ठरतो पाच-सात वर्षांनी काय किंमत येईल यावर. नव्या नावाला लिलावाचा इतिहास नाही, वर मॅक्सफोर्सची बदनामी. जुन्याची किंमत पडली की नव्याचा हप्ता चढतो. घरची वित्त कंपनी तो धोका पोटात घालू शकते, पण किती दिवस?

जुलै २०१५ मध्ये कॅटने ठरवलं की नॅविस्टारकडून बांधून घेणं बंद, आता ट्रक आपणच आखायचे आणि टेक्ससमधल्या व्हिक्टोरियाच्या कारखान्यात बनवायचे, जिथे एक्सकेव्हेटर बनत होते. तत्त्व म्हणून हेच आधी करायला हवं होतं. पण वेळ बघा. २०१२ मध्ये कंपनीची उलाढाल सुमारे ६६ अब्ज डॉलर होती, खाणी आणि तेल दोन्ही मंदावून २०१५ मध्ये ती ४७ अब्जांवर आली. सप्टेंबर २०१५ मध्ये १०,००० पर्यंत नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालं. अशा वर्षी नवी केबिन, नवी चौकट, नवं वायरिंग, धडक चाचण्या आणि प्रमाणीकरण यांचा खर्च कोण मंजूर करणार? तेही अमेरिकेतल्या जड ट्रकांच्या बाजाराच्या लहान हिश्श्यासाठी, कारण लांब पल्ल्याचा स्लीपर ट्रॅक्टर (झोपायची सोय असलेला, ट्रेलर ओढणारा ट्रक) यांच्या यादीत नव्हताच. पीटरबिल्ट त्याच केबिनचा खर्च हायवे ट्रॅक्टरवरही वसूल करतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने दिलेलं कारणही हेच: टिकायचं तर ट्रकांची पूर्ण मालिका लागेल, आणि तेवढ्या गुंतवणुकीला पुरेल असा बाजार दिसत नाही. सुमारे ७० कर्मचाऱ्यांवर परिणाम झाला. एवढ्या मोठ्या कंपनीत ७०. यावरूनच कळतं की तो विभाग नॅविस्टारच्या खांद्यावर उभा होता.

---

तेलपाणी

एक पुरवणी. ऑस्ट्रेलियातही कॅट नावाचे ट्रक होते, सीटी६१० आणि सीटी६३०. कॅट आणि नॅविस्टारने २००९ मध्ये एनसी२ ही निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी काढली होती, २०११ मध्ये ती पूर्ण नॅविस्टारकडे गेली. तिथले नियम वेगळे असल्याने सीटी६३० मध्ये खरं सी१५ इंजिन होतं. तरी तेही फार टिकले नाहीत. म्हणून मी इंजिनाला मुख्य कारण म्हणतो, एकमेव नाही. अ‍ॅक्सलगणित यांचं तेवढं मान्य.

---

खडीमशीन

शेवटचा प्रश्न. जुना सीटी६६० स्वस्तात मिळत असेल तर काय तपासावं?

---

काजळी_आणि_राख

पहिलं, इंजिनावरची उत्सर्जनाची पट्टी वाचा. नायट्रोजन ऑक्साइडपुढे ०.५० दिसलं आणि ट्रकला युरियाची टाकी नसेल तर तो फक्त ईजीआरवाला. तो शक्यतो सोडा, किंवा कूलर आणि फिल्टर बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

दुसरं, इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा आणि १५ पीएसआयच्या आसपास दाब देऊन अर्धा तास ठेवा. मग ट्रक भार देऊन तापवा आणि तीच चाचणी गरम असताना काळजीपूर्वक पुन्हा करा, कारण ईजीआर कूलरची चीर गार असताना मिटलेली असते. दाब उतरला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर कूलंट आत जातंय. संशय असेल तर कूलर काढून तोंडं बंद करून, हवेचा दाब देऊन गरम पाण्यात बुडवून बुडबुडे बघा.

तिसरं, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही चढलेले असतील तर कूलंट मिसळतंय. एकटं पोटॅशियम दिसलं तर घाबरू नका, नुकता नवा अ‍ॅल्युमिनियमचा हवेचा कूलर बसवला असेल तर जोडणीच्या फ्लक्समुळेही ते येतं.

चौथं, रिजनरेशनची नोंद संगणकातून काढून घ्या. काजळी जळते, राख जळत नाही. रिजनरेशन पूर्ण होऊनही फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक उतरत नसेल तर फिल्टर काढून राख साफ करावी लागेल. साफ करूनही फरक राहिला आणि आतला भाग ओलसर किंवा पांढुरका दिसला तर पुन्हा ईजीआर कूलरकडेच या.

सीएक्स३१ असेल तर त्याच्या तेलाचाही वेगळा नमुना द्या आणि तांबं, लोखंड बघा. भाग मागवताना ट्रकचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि इंजिनाचा क्रमांक दोन्ही द्या. फक्त "सीटी१३" एवढं सांगितलंत तर एससीआरच्या आधीचा की नंतरचा हे कळणार नाही आणि चुकीचा कूलर येईल.